मनीचं काय झालं?

घरातलं मांजर आजारी पडून जातं, तेव्हा दुःख कुणापाशी बोलायचं? रमजानच्या महिन्यात या प्रश्नाचं उत्तर शोधताना मदिनेतल्या एका लहान मुलाची आणि त्याच्या पाखराची आठवण होते.

रमजानच्या पहाटे सदर बाजार, अकबर मोहल्ला, बागवान गल्लीतल्या स्वयंपाकघरांत दिवे लागतात. ज्या घरात मांजर आहे, तिथं माणसांच्या आधी तीच जागी झालेली असते. सहेरीला काय आहे, याची चौकशी शेपटी उभी करून सुरू होते. इफ्तारला दस्तरखानाच्या कडेला तिची जागा ठरलेली असते. मराठी घरात तिला मनी म्हणतात, उर्दू-दख्खनी बोलणाऱ्या घरात मानो. पण पायात घुटमळण्याची तऱ्हा सगळीकडे एकच.

हीच मनी एक दिवस खायची थांबते. कपाटाखाली जाऊन बसते. मग दवाखान्याच्या फेऱ्या, सिरिंजनं भरवलेलं औषध, रात्रीची जागरणं. सगळं करूनही काही वेळा ती जाते. घर एकदम सुनं होतं आणि त्याच वेळी बाहेरून एक वाक्य ऐकू येतं, ‘मांजरच होतं ना? दुसरं आणा.’ रमजान असेल तर त्यात भर पडते, ‘इबादतीचे दिवस आहेत आणि तुम्ही मांजरासाठी रडताय?’ अशी वाक्यं बोलणारी माणसं वाईट नसतात. पण त्यामुळे घरातली आजी, शाळेत जाणारी मुलगी किंवा एकटा राहणारा निवृत्त माणूस आपलं रडू गिळून टाकतो. दुःखाबरोबर त्याची लाजही वाट्याला येते.

खरं तर प्राण्यासाठी रडणं कोल्हापूरला नवं नाही. २०२५ च्या जुलैअखेरीस न्यायालयाच्या आदेशानुसार नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण गुजरातेतल्या वनताराकडे रवाना झाली, तेव्हा निरोप द्यायला लोटलेल्या गर्दीचे डोळे ओले होते. कोण जैन, कोण मराठा, कोण मुसलमान हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. त्या प्रकरणातल्या योग्य-अयोग्याबद्दल मतं वेगळी असू शकतात. लोकांचा जिव्हाळा मात्र खरा होता. हत्तिणीचं दुःख वाटून घ्यायला सगळा जिल्हा होता. मांजराचं दुःख चार भिंतींत राहतं, एवढाच फरक.

एका पाखराची विचारपूस

हदीसच्या ग्रंथांत एक लहानसा प्रसंग आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तो येतो. मदिनेत हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता. अजून लहान मूलच, पण लाडानं त्याला ‘अबू उमैर’, म्हणजे ‘उमैरचे अब्बा’, असं मोठ्या माणसासारखं नाव दिलेलं. त्याच्याकडे नुगैर जातीचं चिमणीएवढं पाखरू होतं आणि तो त्याच्याशी खेळायचा. प्रेषित मुहंमद (स.) त्या घरी येत-जात असत. एकदा आले तेव्हा मुलगा हिरमुसलेला दिसला. घरच्यांनी सांगितलं, पाखरू मेलंय. तेव्हा प्रेषितांनी त्या मुलाला त्याच्या लाडक्या नावानं हाक मारली आणि त्याच्या पाखराचं काय झालं, असं विचारलं. अरबीत ‘उमैर’ आणि ‘नुगैर’ यांचं यमक जुळतं. म्हणजे विचारताना बोलण्यात लाडही होता.

या प्रसंगात उपदेश नाही. ‘पाखरूच ते’ असं कुणी म्हटलेलं नाही. दुसरं आणून देण्याचं आश्वासनही नाही. ज्या माणसाच्या खांद्यावर एका नव्या समाजाचा भार होता, तो एका मुलाजवळ थांबून त्याच्या मेलेल्या पाखराची चौकशी करतो, एवढंच घडतं. पुढच्या विद्वानांनी मात्र त्याला लहान मानलं नाही. हिजरी सनाच्या चौथ्या शतकातले शाफई पंथाचे विद्वान इब्नुल कास यांनी एवढ्याशा हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तिच्यातून साठ बोध काढून दाखवले.

रडण्याबद्दलही असंच. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोबत्यांना त्याचं नवल वाटलं. त्यावर त्यांनी सांगितलं, त्याचा आशय असा की डोळे पाणावतात, मनाला दुःख होतं, पण तोंडातून अल्लाहला न रुचणारं काही निघू नये. सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणं, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. पोटच्या मुलाचं दुःख आणि मांजराचं दुःख एका तागडीत घालायचं कारण नाही. पण आसवांना मनाई नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

घरात ये-जा करणारी

इस्लामी परंपरेत मांजराला घरात मोकळी वाट आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सुनेनं, कब्शा यांनी, एकदा त्यांच्यासाठी वजूचं पाणी काढून ठेवलं होतं. मांजर आलं आणि त्या पाण्याकडे वळलं. अबू कतादांनी भांडं तिरकं करून त्याला पोटभर पिऊ दिलं. सून चकित होऊन बघतेय, हे लक्षात आल्यावर त्यांनी प्रेषितांचा हवाला दिला की मांजर नापाक नाही. ते तुमच्या भोवती घरात फिरणाऱ्यांपैकीच आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आणि अबू दाऊद, तिरमिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. हजरत आयशा (रजि.) नमाज पढत असताना त्यांच्यासाठी आलेल्या हरीसात, म्हणजे आपल्या हलीमच्या जवळपासच्या पदार्थात, मांजरानं तोंड घातलं आणि नमाजनंतर त्यांनी मांजरानं खाल्लेल्या बाजूनंच घास घेतला, असंही अबू दाऊदमध्ये आहे.

सर्वाधिक हदीस ज्यांच्या नावावर नोंदल्या आहेत, ते हजरत अबू हुरैरा (रजि.) ओळखले जातात तेच मुळी मांजराच्या पिल्लावरून. ‘अबू हुरैरा’ म्हणजे ‘मांजराच्या पिल्लाचे अब्बा’. नाव अब्दुर्रहमान. पण चौदाशे वर्षं जग त्यांना या लाडक्या नावानंच ओळखतं. (प्रेषितांच्या बाहीवर झोपलेल्या ‘मुइज्जा’ मांजरीची गोष्ट फार लोकप्रिय आहे, मात्र हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही.) मांजराला कोंडून, खायला-प्यायला न देता मारणाऱ्या बाईला त्यासाठी शिक्षा झाली आणि तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या पापी स्त्रीला माफी मिळाली, या दोन्ही हदीस तर रमजानच्या बयानांत अनेकांनी ऐकलेल्या असतात. मुक्या जिवाची भूक-तहान हा हिशेबाचा विषय आहे, हेच दोन्हींत सांगितलंय.

मराठी मनालाही हे परकं नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं जुनी माणसं सांगतात. त्यातली भीती बाजूला ठेवली, तरी त्या जिवाची किंमत सोन्यात मोजली होती, हे उरतंच. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त मथी नावाची मांजर आहे. श्यामच्या आईची ती लाडकी. आई गेली आणि थोड्याच दिवसांत मथीही गेली. प्रेषितांचं चरित्रही ज्यांनी मराठीत लिहिलं, त्या गुरुजींना आईच्या मरणाच्या कहाणीत मांजरीसाठी जागा काढावीशी वाटली.

उर्दूत मीर तकी मीर यांची मोहनी नावाच्या मांजरीवर एक मसनवी आहे. तिची पिल्लं जगत नव्हती, म्हणून गंडेताविजांपर्यंत सगळे उपाय झाले, असं त्यात येतं. दुःखाचा बादशहा म्हणून ज्यांचा लौकिक, त्या मीरना मांजरीच्या पिल्लांवर लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही. त्याच्याही किती तरी आधी, दहाव्या शतकात, इब्नुल अल्लाफ नावाच्या अरबी कवीनं आपल्या मांजरावर लिहिलेला मर्सिया आजही प्रसिद्ध आहे. शेजाऱ्याची कबुतरं खाल्ली म्हणून ते मांजर मारलं गेलं होतं. त्या कवितेचा खरा रोख एका मारल्या गेलेल्या राजपुरुषाकडे आहे, असंही काही जण म्हणतात. तसं असलं, तरी मोठं दुःख बोलून दाखवायला त्यांना मांजरच सापडलं, हे विसरता येत नाही.

दुखणं लपवणारा जीव

मांजर गेल्यावर सगळ्यात जास्त छळतो तो एकच विचार, ‘आधी लक्षात आलं असतं तर?’ इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मांजर आपलं दुखणं लपवतं. स्वतः शिकार करणारा, पण मोठ्या जनावरांची शिकारही होऊ शकणारा हा लहान प्राणी. अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. त्यामुळे माणसाला कळतं तेव्हा आजार बऱ्याचदा पुढं गेलेला असतो. म्हातारपणी मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात, तेव्हा दिसतं इतकंच की ते पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं आणि वजन उतरतं. ‘उन्हाळा आहे, पाणी पिणारच’ असं कुणालाही वाटेल. हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

तरीही काही गोष्टी माहीत असल्या, तर पुढचा जीव वाचू शकतो. बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो, पण थेंब येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन ती मलूल पडतात, त्यामागे पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार असू शकतो. त्यात पिल्लं फार दगावतात, पण त्यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ती सुरू करतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस देतात. रेबीजची लस वेगळी. मांजरानं एक-दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर ‘उपास करतंय’ म्हणून सोडून देऊ नये. खाणं तुटलं की त्याच्या यकृतावर परिणाम होतो. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. माणसाला चालणारं हे औषध मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. आणि दुधाच्या या जिल्ह्यात सांगायला अवघड वाटेल, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. वाटीभर म्हशीचं दूध ही माया आहे, पण आजारी मांजराला त्यानं जुलाबच जास्त होतील.

आपल्याकडे जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा डॉक्टर, ही समजूत अनेक वर्षं होती आणि गरजही तीच होती. आता शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. मोठ्या तपासण्यांसाठी काही जण शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा पुण्या-मुंबईपर्यंत जातात. १ जुलै २०२४ रोजी मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. त्यामागं रतन टाटांचा स्वतःचा अनुभव होता. आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जावं लागलं आणि पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. इतकी साधनं हाताशी असलेल्या माणसालाही उशीर होऊ शकतो. मग महिन्याच्या पगारात औषधपाणी बसवणाऱ्या घरानं स्वतःला किती दोष द्यायचा?

शेवटचे दिवस

रमजानमध्ये आजारी मांजर सांभाळणाऱ्या घराचं चित्र वेगळं असतं. दिवसभर स्वतः उपाशी असलेलं माणूस न खाणाऱ्या जिवाच्या तोंडात सिरिंजनं थेंब थेंब अन्न सोडत असतं. सहेरीचा गजर औषधाच्या वेळेलाही उपयोगी पडतो. कपड्यावर उलटी झाली तर ते बदलून नमाजला उभं राहायचं. तरावीहला एखाद्या दिवशी मशिदीत जाणं जमलं नाही, तर घरीच पढायची. आजारी जिवाची सेवा आणि इबादत यांत भांडण लावायचं कारण नाही.

सगळ्यात कठीण वेळ येते ती डॉक्टर ‘आता काही उरलं नाही’ म्हणतात तेव्हा. इंजेक्शन देऊन त्याला वेदनेतून सोडवावं का? मुस्लिम उलमांमध्ये याबद्दल मतभेद आहेत. उपाय नसलेल्या, असह्य वेदनेत परवानगी देणारे आहेत. जीव आपल्या वेळेनं जाऊ द्यावा, वेदना कमी करणारं औषध मात्र द्यावं, असं म्हणणारेही आहेत. हिंदू आणि जैन घरांतही हाच पेच पडतो. डॉक्टरांना दोन प्रश्न सरळ विचारावेत: बरं होण्याची शक्यता किती, आणि आत्ता त्याला दुखतंय किती? मग ज्यांच्यावर विश्वास आहे अशा जाणत्या माणसाशी बोलावं. निर्णय झाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो पुन्हा उकरू नये. ज्यानं रात्री जागून सेवा केली, त्यालाच तो घेण्याचा हक्क आहे.

मांजरासाठी जनाज्याची नमाज नाही. पण माती देणं आहे. अंगणात किंवा शेताच्या बांधावर, विहीर-ओढ्यापासून लांब, दोन-तीन फूट खोल खड्डा करून सुती कापडात गुंडाळून पुरावं. प्लास्टिकची पिशवी नको, कचराकुंडी नको, आणि पंचगंगाही नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दवाखान्यात किंवा महापालिकेकडे विचारावं, नाहीतर गावाकडं जमीन असलेल्या मित्राला सांगावं. या कामात मुलांना दूर ठेवायची गरज नाही. त्यांना हवं असेल तर मूठभर माती टाकू द्यावी.

मुलांना काय सांगायचं?

‘मनी कुठंतरी निघून गेली’ असं मुलांना सांगण्याचा मोह होतो. मग मूल रोज दारात बसून वाट बघतं. मनी आजारी होती, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ती मेली आणि आता तिला दुखत नाही, हेच साध्या शब्दांत सांगावं. ‘ती जन्नतमध्ये गेली का?’ असा प्रश्न आला, तर उत्तरासाठी कल्पना लढवायला नको. जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारी पाखरं हेही तुमच्यासारखेच समूह आहेत आणि शेवटी सगळे आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असा कुरआनच्या सहाव्या सूरहच्या ३८ व्या आयतीचा आशय आहे. मनी ज्यानं बनवली, त्याच्याकडे गेली, एवढं मुलाला पुरतं. हिंदू घरातली आजीही ‘देवाघरी गेली’ म्हणते, तेव्हा शब्द वेगळे असले तरी मुलाच्या मनाला तोच आधार मिळतो.

मोठ्यांचं, त्यातही म्हाताऱ्या माणसांचं दुःख ओळखणं जास्त अवघड. मुलं पुण्याला, आखातात. घरात बोलायला मांजरच होतं. तिच्या खाण्याच्या वेळेवर दिवसाची बांधणी होती. ती गेल्यावर दिवसच मोकळा पडतो. अशा माणसाला लगेच दुसरं पिल्लू आणून देण्याची घाई करू नये. काही महिन्यांनी गल्लीतलं एखादं पिल्लू आपणहून दारात येतं, तेव्हा त्यांचं ते ठरवतील. घरात दुसरं मांजर असेल, तर त्याच्याकडेही लक्ष हवं. काही मांजरं सोबतीण गेल्यावर तिच्या जागा हुंगत फिरतात, कमी खातात.

मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच तालमीत बघत आलेल्या या गावाला दुसऱ्याच्या दुःखात जायला आमंत्रण लागत नाही. रमजानच्या उरलेल्या दिवसांत, किंवा ईदच्या सकाळी शिरखुर्म्याच्या वाट्या घरोघर फिरतील तेव्हा, एखाद्या दारात मांजराची रिकामी ताटली उलटी घालून ठेवलेली दिसेल. तिकडं बघून नजर वळवू नये. आत जाऊन बसावं आणि विचारावं, ‘मनीचं काय झालं?’ मग समोरचं माणूस सांगेल तेवढं ऐकावं.